शस्त्र, परवाना आणि हद्द : पिंपळनेर परिसराच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात पांझरा नदीकाठी वसलेले पिंपळनेर हे गाव खानदेशच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. ब्रिटिश अमदानीत एका तालुक्यालाच या गावाचे नाव होते. पुढे साक्री हे नाव रूढ झाले. गावाच्या दक्षिणेस बागलाण, पश्चिमेस चरणमाळ घाटाने नवापूरकडे उतरणारी वाट, नैर्ऋत्येस डांगचे अरण्य आणि उत्तरेकडे काही अंतरावर धुळ्याहून सुरतेस जाणारा कोंडाईबारीचा घाटमार्ग, अशी या गावाची भौगोलिक मांडणी आहे. देशावरून गुजरातेत उतरणाऱ्या वाटांच्या तोंडाशी असल्यामुळे पिंपळनेरचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या ना कोणत्या हद्दीशेजारी राहत आला. हद्दी बदलल्या, राज्ये बदलली. डोंगर आणि वाटा त्याच राहिल्या.

अशा ठिकाणी एक प्रश्न वारंवार उपस्थित होणे स्वाभाविक होते. वाटसरूने स्वसंरक्षणार्थ जवळ बाळगलेले शस्त्र एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत नेले असता ते कायदेशीर केव्हा ठरते व बेकायदा केव्हा ठरते? त्यातही ते शस्त्र अंगावर उघड असणे आणि अंगाखाली झाकलेले असणे या दोहोंत कायद्याने कोणता भेद मानला? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहास १८१८ पासून आजपर्यंत पाहावयाचा आहे. हा इतिहास केवळ अधिनियमांच्या कलमांतून कळत नाही. ज्या शब्दांनी राज्यकर्त्यांनी आणि लोकांनी हा व्यवहार समजून घेतला, त्या शब्दांचीही चौकशी त्यासाठी करावी लागते.

२. परवान्यापूर्वीची वाट

मराठेशाहीच्या दप्तरांत प्रवाशाच्या हालचालीशी निगडित असे काही शब्द वारंवार भेटतात: दस्तक, राहदारी, परवाना. तिन्ही फारसी वळणाचे आहेत. ‘परवाना’ म्हणजे मूलतः वरिष्ठाचा लेखी हुकूम. हुकुमाने जे करण्यास मोकळीक मिळते ती ‘परवानगी’. ‘राहदारी’ म्हणजे वाटेने बिनहरकत जाऊ देण्याचा दाखला, आणि त्याबरोबरच वाटेवर द्यावयाचा कर. या कागदांचा रोख मुख्यतः माणूस, जनावर व माल यांवर असे. प्रवाशाच्या कमरेची तलवार अथवा खांद्यावरची बंदूक हा स्वतंत्र परवान्याचा विषय सामान्यतः नव्हता. शस्त्र हे धारण करणाराच्या दर्जाचे व व्यवसायाचे चिन्ह मानले जाई; शिलेदार, जागल्या, नाईक, सावकाराचा रखवालदार यांच्याजवळ ते असावयाचेच.

खानदेशातील घाटवाटांचे रक्षण हे भिल्ल नाइकांचे काम होते. गावात जागल्या म्हणून आणि घाटात रखवालदार म्हणून भिल्ल काम करीत व त्याबद्दल त्यांना गावांकडून आणि वाटसरूंकडून ठराविक हक्क मिळत. ‘जागल्या’ या शब्दातच त्या कामाचे वर्णन आहे: इतर निजले असता जो जागतो तो. तिरकामठा हे त्या जागलीचे साधन होते. मराठीत ‘हत्यार’ हा शब्द सुताराच्या वाकसाला लागतो आणि शिपायाच्या तलवारीलाही लागतो. जागल्याच्या तिरकामठ्यात या दोन्ही अर्थांचा संगम होता.

ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोडली. होळकर व शिंदे यांच्या फौजांची रहदारी, पेंढाऱ्यांची लूट आणि १८०२ ते १८०४ या वर्षांतील दुष्काळ यांनी खानदेश ओसाड झाला. हक्क देणारी गावेच उरली नाहीत, तेव्हा रखवालदारांपैकी अनेकजण डोंगरांत गेले व लूट करू लागले. किल्ल्याकिल्ल्यांतून पगारी अरब शिबंदी बसली होती. १८१८ मध्ये कंपनी सरकारने खानदेश घेतला तेव्हा मालेगावच्या किल्ल्यातील अरबांनी कडवा प्रतिकार केला. जून महिन्यात किल्ला पडला आणि अरबांची शस्त्रे काढून घेण्यात आली. नव्या राजवटीच्या दृष्टीने खानदेशचा पहिला प्रश्न शस्त्रधारी माणसाचा होता, हे या आरंभावरूनच दिसून येते.

३. पट्टा असलेला आणि पट्टा नसलेला

अरबांना प्रदेशाबाहेर घालविता आले. भिल्ल मात्र या भूमीचेच होते. प्रथम लष्करी मोहिमा झाल्या. त्या पुऱ्या पडल्या नाहीत. तेव्हा माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात, १८२५ मध्ये, निराळे धोरण आले. खानदेशात भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि जेम्स औट्रम याने धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभी केली. काल ज्यांना बंदूक बाळगल्याबद्दल पकडले जात होते, त्यांच्याच हाती आज सरकारने बंदूक दिली. १८३० मध्ये औट्रम याच पलटणीच्या बळावर डांगात उतरला.

या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घेणे अवश्य आहे. माणूस तोच होता, डोंगर तेच होते, रक्षणाचे कौशल्यही तेच होते. फरक पडला तो अधिकाराच्या उगमात. पूर्वी नाइकाचा शस्त्राधिकार वंशपरंपरेने व गावाशी असलेल्या नात्याने येत असे. आता तो सरकारी नोकरीच्या पट्ट्याने येऊ लागला. पट्टा असेपर्यंत तो शिपाई आणि पट्टा गेल्यावर संशयित, अशी ही नवी विभागणी होती.

सेंधव्याच्या घाटातील खाज्या नाईक यांचे चरित्र या विभागणीचे उत्तम उदाहरण होय. खानदेश व माळवा यांना जोडणाऱ्या त्या घाटाची रखवाली सरकारने त्यांच्याकडे सोपविली होती. ते पद गेले, कैद भोगावी लागली, पुढे सरकारला गरज पडताच पुन्हा नोकरी मिळाली. आणि १८५७ मध्ये त्यांनी त्याच घाटात सरकारविरुद्ध शस्त्र उचलले. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणी येथे भिल्लांची इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. सरकारने या प्रसंगातून घेतलेला धडा पुढील कायद्यांत स्पष्टपणे उमटला.

४. १८७८ चा अधिनियम : संशयाचे व्याकरण

१८५७ च्या २८ व्या आणि १८६० च्या ३१ व्या अधिनियमांनी शस्त्रे बाळगण्यावर निर्बंध घातले. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत, देशी वृत्तपत्रांचा कायदा ज्या वर्षी झाला त्याच वर्षी, म्हणजे १८७८ मध्ये, शस्त्रांचा सर्वंकष अधिनियम झाला. त्याच्या व्याख्येत तोफा, बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर व भाले यांबरोबर धनुष्यबाणाचाही समावेश होता. सह्याद्रीच्या व सातपुड्याच्या कुशीतील प्रत्येक आदिवासी कुटुंबाचे साधन त्यामुळे अक्षरशः ‘शस्त्र’ या संज्ञेत आले. सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला होता हे खरे. परंतु सूट ही देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, आणि ती मिळण्यासाठी आधी मनाई मान्य करावी लागते.

प्रवाशाच्या दृष्टीने या अधिनियमातील चार तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पहिली, सहाव्या कलमाची: ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्रे आणणे अथवा तेथून बाहेर नेणे यास परवाना लागे. ज्यास शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर अधिकार होता त्याने खाजगी वापरापुरते शस्त्र नेले तर त्यास या कलमातून वगळले होते. दुसरी, तेराव्या कलमाची: परवान्यावाचून कोणीही सशस्त्र हिंडू नये, आणि परवाना असला तरी त्यात सांगितलेल्या मर्यादेत व रीतीनेच हिंडावे. तिसरी, बाराव्या कलमाची: शस्त्र नेण्याची रीत वा परिस्थिती अशी असेल की त्यामुळे गैरहेतूचा वाजवी संशय यावा, तर परवाना असो वा नसो, नेणाऱ्यास पकडता येई. चौथी, विसाव्या कलमाची: जे उल्लंघन सरकारी नोकरांपासून दडवून ठेवण्याच्या उद्देशाने केले असेल, त्यास अधिक कडक, सात वर्षांपर्यंतची कैद. एरवीच्या उल्लंघनाची कमाल मर्यादा तीन वर्षे होती.

शेवटच्या दोन तरतुदींचा रोख सारखाच आहे. केवळ शस्त्र असणे एवढ्यावर कायदा थांबत नाही. ते कसे नेले जाते यावरून तो नेणाऱ्याचे मन वाचू पाहतो. दडविणे हाच हेतूचा पुरावा होतो. या भीतीला आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजी वध झाला, तो ज्या ब्राउनिंग पिस्तुलाने झाला ते लंडनहून आलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. चतुर्भुज अमीन यांनी ती पेटीच्या दुहेरी तळात दडवून आणली होती. मात्र क्रांतिकारकांच्या पेटीवर रोखलेली ही नजर घाटातल्या वाटसरूच्या गाठोड्यावरही तशीच पडत होती.

सर्वांना हा कायदा सारखा लागू नव्हता. नियमांच्या परिशिष्टानुसार युरोपियनांना परवान्यातून सूट होती. वंशावर आधारलेला हा भेद पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांत काढून टाकण्यात आला. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्यामुळे होणाऱ्या जाचाविरुद्ध ठराव केला होता. दक्षिणेत कूर्ग येथील कोडव जमातीस तिच्या राजनिष्ठेबद्दल सूट मिळाली, आणि आश्चर्याची गोष्ट अशी की स्वातंत्र्योत्तर काळातही ती चालू राहिली. त्या सूटीतही हद्दीचा विचार आहे: कूर्ग जिल्ह्याबाहेर प्रवास करताना एक रायफल व एक साध्या नळीची बंदूक यांहून अधिक शस्त्रे नेता येत नाहीत. कोडवांप्रमाणेच शस्त्र हे ज्यांच्या जीवनक्रमाचे अंग होते त्या खानदेशी भिल्लांच्या वाट्याला अशी जमातवार सूट आली नाही. एका जमातीच्या शस्त्रास परंपरा म्हटले गेले व दुसऱ्या जमातीच्या शस्त्रास उपद्रव. या दोन नावांमागे शस्त्रांतील फरकापेक्षा १८५७ मधील वर्तनाची आठवण अधिक होती असे म्हणावयास हरकत नाही.

पिंपळनेरच्या माणसास या कायद्याची भूगोलाशी पडणारी गाठ रोजच्या व्यवहारात भेटत असे. नवापूर ब्रिटिश खानदेशात होते, परंतु त्यापलीकडील सोनगड गायकवाडांच्या बडोदे संस्थानात. डांगमध्ये भिल्ल राजांची छोटी संस्थाने होती. तेथील जंगले इंग्रजांनी १८४२ मध्ये पट्ट्याने घेतली होती. दक्षिणेकडे सुरगाण्याचे संस्थान होते. चारदोन दिवसांच्या बैलगाडीच्या प्रवासात तीन निरनिराळ्या सत्तांच्या भूमीतून जावे लागे, आणि १८७८ च्या दृष्टीने यांपैकी काही हद्दी ‘ब्रिटिश हिंदुस्थाना’च्या सीमा होत्या. १९०० च्या सुमारास सुरत ते जळगाव हा ताप्ती खोऱ्यातील लोहमार्ग पूर्ण झाल्यावर हाच प्रवास काही तासांचा झाला. हद्द ओलांडण्याचा वेग वाढला, परंतु हद्दीचा कायदा होता तसाच राहिला.

५. १९६० : एक हद्द पुसली, दुसरी आखली

स्वातंत्र्यानंतर थोडा काळ असा आला की या टापूतील जुन्या राजकीय सीमा जवळजवळ नाहीशा झाल्या. डांग व सुरगाणा १९४८ मध्ये मुंबई राज्यात आले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थानही विलीन झाले. १९५६ चे द्वैभाषिक तर गुजरात व महाराष्ट्र यांना सामावून घेणारेच होते. पिंपळनेरहून आहवा किंवा सोनगड येथे जाणारा प्रवासी त्या काळात एकाच राज्यात फिरत होता. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली. डांग गुजरातेत गेले. पश्चिम खानदेशातील अक्कलकुवा, तळोदे, नंदुरबार व नवापूर या तालुक्यांतील काही गावेही गुजरातेस जोडली गेली. नवापूरच्या रेल्वे स्थानकावरून तर ही सीमारेषा थेट फलाटावरून जाते: फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात व काही गुजरातेत आहे.

याच संधिकालात शस्त्रांचा नवा कायदा आकार घेत होता. शस्त्र अधिनियम, १९५९ यास २३ डिसेंबर १९५९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला. परकीय सत्तेने राष्ट्रास निःशस्त्र करण्यासाठी केलेला कायदा बदलावा, हा त्यामागील जाहीर हेतू होता. काही बाबतींत तो हेतू सफलही झाला. अग्निशस्त्रास सर्वत्र परवाना आवश्यक ठरला. धारदार शस्त्रांस मात्र सरकारने अधिसूचनेने ठरविलेल्या प्रदेशातच परवाना लागू लागला. केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू, लाठी, साधी हातकाठी या व्याख्येबाहेर राहिल्या. ‘हत्यार’ या मराठी शब्दातील जो दुहेरीपणा वर सांगितला, त्यापैकी अवजाराची बाजू कायद्याने अशा रीतीने मोकळी केली.

तथापि प्रवासाच्या बाबतीत जुन्या कायद्याचा सांगाडा टिकला. विसावे कलम जवळजवळ १८७८ च्या बाराव्या कलमाचेच रूप आहे: परवाना असला तरी संशयास्पद रीतीने शस्त्र नेणाऱ्यास अटक करता येते, आणि असा अधिकार दंडाधिकारी व पोलीस यांच्याबरोबर आगगाडी, जहाज, विमान वा अन्य वाहनांवरील नोकरांसही दिला आहे. गुप्तपणे केलेल्या उल्लंघनासाठी वेगळे सव्विसावे कलम आहे. परवाना कोणत्या क्षेत्रात चालेल याची नोंद परवान्यातच असते. तेवढ्या क्षेत्राबाहेर त्याचे बळ उरत नाही. शस्त्रे व दारूगोळा हा विषय संविधानाच्या संघ सूचीत पाचव्या क्रमांकावर आहे, म्हणजे कायदा साऱ्या देशाचा एकच आहे. असे असूनही त्या एका कायद्याखाली दिलेला परवाना राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या हद्दीपाशी थांबू शकतो. बांधावर रानडुकरे येतात म्हणून बंदुकीचा परवाना घेतलेल्या साक्री तालुक्यातील शेतकऱ्याने तीच बंदूक घेऊन १ मे १९६० नंतर डांगमधील सोयऱ्याकडे जावयाचे म्हटले, तर कालपर्यंत शेजारगाव असलेल्या ठिकाणी तो परराज्यात जाऊ लागला. त्याचे पाऊल जुन्याच वाटेवर पडत होते. मात्र त्याच्या कागदातील ‘क्षेत्र’ या रकान्याचा अर्थ पालटला होता.

येथे मराठीतील दोन शब्दांकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘शीव’ हा शब्द संस्कृत ‘सीमा’पासून आलेला, ‘हद्द’ अरबीतून आलेला. शीव गावाची असते. ती लोकांनी पाळलेली, पूजलेली, भांडलेली व मिटविलेली असते. हद्द अंमलाची असते. तिचा निर्णय नकाशावर व दप्तरात होतो. परवान्याचा संबंध हद्दीशी येतो, तर प्रवाशाच्या अंगवळणी शीव पडलेली असते. सीमाप्रदेशातील बरेचसे नकळत घडणारे गुन्हे या दोन शब्दांमधील अंतरातून निर्माण होतात.

६. लपविणे आणि झाकणे

अलीकडच्या नियमांनी या विषयास एक अनपेक्षित वळण दिले आहे. जुलै २०१६ मध्ये नवे शस्त्र नियम आले. त्यांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तुलासारखे हातशस्त्र न्यावयाचे तर ते अंगाला बांधलेल्या म्यानात अथवा तत्सम पिशवीत, व लांब बंदूक तिच्यासाठी केलेल्या आवरणात न्यावी लागते. शस्त्र पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे, आणि ते नेणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे; ते उघडपणे मिरविणे निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. प्रत्येक परवानाधारकाची राष्ट्रीय नोंदवहीत विशिष्ट क्रमांकाने नोंद होऊ लागली.

जो कायदा शस्त्र दडविण्यास अधिक शिक्षा सांगतो, त्याच कायद्याखालचे नियम शस्त्र झाकण्याची सक्ती करतात, हा वरवर विरोधाभास वाटतो. इंग्रजीत दोन्ही क्रिया एकाच शब्दाने दाखविता येतात, म्हणून तेथे तो अधिकच भासतो. मराठीत या दोन क्रियांसाठी निराळे धातू आहेत व त्यांतील भेद सूक्ष्म आहे. ‘झाकणे’ ही वस्तूच्या संबंधाची क्रिया आहे: भांडे झाकतात, अंग झाकतात. झाकलेली वस्तू तेथे आहे हे इतरांना ठाऊक असू शकते. ‘लपविणे’ ही माणसांच्या संबंधाची क्रिया आहे; ती कोणापासून तरी लपवावी लागते. परवानाधारकाची पिस्तूल रस्त्यावरील लोकांच्या नजरेपासून झाकलेली असते, परंतु राज्यसंस्थेपासून लपलेली नसते; तिचा क्रमांक, धारकाचे नाव व क्षेत्र हे सर्व नोंदलेले असते. एकोणिसावे कलम अधिकाऱ्यास परवाना दाखविण्याची मागणी करू देते ते याच कारणाने. जोवर कागद हजर आहे, तोवर झाकणे हे झाकणेच राहते. कागदातील क्षेत्र संपले, की तीच कृती क्षणात लपविण्याच्या कोटीत जाऊन बसू शकते. नवापूरच्या फलाटावर हे अंतर काही पावलांचे आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे झाकलेले शस्त्र बाळगण्याचे परवाने राज्यागणिक निराळे, आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्याने मानावा असे सर्वत्र बंधन नाही. १९८६ च्या संघीय कायद्याने एक मधला मार्ग काढला: निघण्याच्या व पोहोचण्याच्या ठिकाणी शस्त्र कायदेशीर असेल, ते रिकामे असेल व प्रवासात सहज हाती येणार नाही असे ठेवलेले असेल, तर मधल्या राज्यातून ते नेण्यास हरकत नाही. म्हणजे तेथे कायदे अनेक, परंतु वाटेस संरक्षण आहे. भारतात कायदा एक, परंतु वाटेचा प्रश्न परवान्यातील क्षेत्रावर सोपविलेला आहे. अमेरिकी व्यवस्था शस्त्र हा नागरिकाचा हक्क मानून चालते व भारतीय व्यवस्था ती राज्याने दिलेली मुभा मानते, हे या भेदाचे मूळ होय. शस्त्रांच्या प्रसारापासून समाजाचे रक्षण करण्याच्या दृष्टीने भारतीय भूमिका समर्थनीय आहे. परंतु तिची किंमत कोणास मोजावी लागते याचाही हिशेब झाला पाहिजे.

७. समारोप

पिंपळनेर परिसराच्या या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. १८१८ पूर्वी शस्त्राचा अधिकार कामाशी बांधलेला होता, त्यानंतर तो कागदाशी बांधला गेला. या संक्रमणात ज्यांचे काम तोंडी परंपरेने चालत आले होते व ज्यांच्यापाशी कागद नव्हता, ते घाटांचे रखवालदार सर्वांत आधी संशयित ठरले. दुसरी गोष्ट अशी की कायद्याने शस्त्रापेक्षाही शस्त्राच्या दडविण्यावर अधिक लक्ष ठेवले; १८७८ ची ही दृष्टी १९५९ च्या अधिनियमातही उतरली, आणि २०१६ च्या नियमांनी झाकणे व लपविणे यांतील भेद प्रथमच व्यवहारात स्पष्ट केला. तिसरी, हद्द ही या व्यवहारातील केवळ पार्श्वभूमी नाही. कोणाचे वर्तन गुन्हा ठरेल हे अनेकदा तीच ठरविते, आणि ती मात्र प्रवाशाला न विचारता बदलत आलेली आहे.

राज्याने शस्त्रांवर नियंत्रण ठेवावे याविषयी आज फारसा मतभेद नाही. परंतु परवान्यावरील ‘क्षेत्र’ हा रकाना भरताना सीमाप्रदेशातील माणसाची शीव कोठवर जाते हे पाहिले गेले, तर कोंडाईबारी व चरणमाळ घाटांतून उतरणाऱ्या माणसास त्याच्या रोजच्या वाटेवर अपराधी होण्याची पाळी येणार नाही. ज्या घाटांचे रक्षण एके काळी याच लोकांच्या पूर्वजांवर सोपविलेले होते, तेथे एवढा विचार होणे अवाजवी नाही.